एकूण आकडा ठरलेला असला की चढउतार आकसतात

आमच्या मराठवाड्यात औंढ्याला लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) होतंय म्हणून फिजिक्सवाली पोरं भरभरून बोलायला लागलीत, तर त्यांच्यासाठी आज एक विषय जो मला लई आवडतो.

अमेरिकेत ब्रुकहेवनला रिक नावाच्या मशीनमधे सोन्याची केंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आदळवली, तेव्हा प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्षणभर क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण सुटे झालेलं गरम सूप) होतो आणि मग हजारो कण बाहेर उडतात. प्रत्येक टकरीत प्रोटॉनचा आकडा वेगळा येतो. हा चढउतारच शास्त्रज्ञांना पाहिजे असतो, कारण प्लाझ्मा आणि साध्या पदार्थाच्या मधे जर क्रिटिकल पॉइंट (जिथं दोघांमधला ठळक बदल संपतो असा तापमान-घनतेचा खास बिंदू) असेल तर त्याच्याजवळ चढउतार वेगळे वागायला पाहिजेत.

पण खरी गोम पुढंच आहे. सोन्याच्या एका केंद्रकात 79 प्रोटॉन आणि 118 न्यूट्रॉन, म्हंजे आदळणारी दोन्ही केंद्रकं मिळून बेरियॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे तीन क्वार्कचे कण) 394, आणि टकरीत कितीही नवे कण जन्मले तरी बेरियॉनमधून अँटिबेरियॉन (त्यांचे उलटे जोडीदार कण) वजा केले की 394 च उरणार, निसर्ग हा हिशोब कधीच मोडत नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती दोन गोदामांत उतरतात असं धरा, एकूण पोती ठरलेली असली की इथं वाढली तर तिथं घटणारच, आणि दोन्ही गोदामं मोजली तर आकडा रोज तोच.

डिटेक्टरला सगळे कण दिसत नाहीत, काही हिस्साच दिसतो. बंधन नसतं तर साध्या हिशोबात चढउतार (व्हेरियन्स) सरासरीइतका असता, पण बंधनामुळं निम्मा हिस्सा बघितला तर तो निम्म्यावर येतो आणि सगळा बघितला तर शून्य. मग हिस्सा एकदम छोटा घ्यावा म्हणाल, तर त्यात क्रिटिकल पॉइंटचा खरा सिग्नल पण पुसला जातो, हीच अवघड जागा आहे बघा.

जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या अलिस प्रयोगानं 2020 मधे शिशाच्या टकरींतला डेटा दिला, त्यात प्रोटॉन वजा अँटिप्रोटॉनचा चढउतार जरा कमी दिसला आणि ती घट बेरियॉनच्या हिशोबानं समजावता आली. रिकवर कमी एनर्जीला मूळ केंद्रकांतले जास्त बेरियॉन डिटेक्टरच्या टप्प्यात येतात, म्हणून तिथं हा परिणाम अजून मोठा, आणि क्रिटिकल पॉइंट पण नेमका तिकडंच शोधतायत. त्यात न्यूट्रॉन मोजताच येत नाहीत, ते गणितानं धरावे लागतात.