स्ट्रेप्टो, तेल्या आणि फळावरचे जीवाणू

डाळिंबावर तेल्या दिसला की बागायतदाराची झोप उडते. आधी पानावर तेल सांडल्यासारखा ओलसर ठिपका, मग फळावर काळपट डाग, आणि डाग वाढले की सालच तडकते. हे काम झँथोमोनास नावाच्या जीवाणूचं. सांगोल्यापासून बागलाणपर्यंत त्यावर ठरलेला इलाज म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिनची 6 ग्रॅमची पुडी. ती कॉपर ऑक्सिक्लोराईड या तांब्याच्या औषधाबरोबर टाकीत मिसळायची आणि फवारायची. पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन, 10 टक्के टेट्रासायक्लिन. यातलं पहिलं 1943 साली सापडलं आणि क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक ठरलं.

‘फळात औषधाचा अंश उरतो का?’ असं ग्राहक विचारतो. रास्त प्रश्न आहे, पण मला जास्त काळजी वाटते ती सालीवर जिवंत राहिलेल्या जीवाणूंची. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या संशोधकांनी 2019 मध्ये सफरचंदाचा हिशोब मांडला, तेव्हा एका फळात सुमारे 10 कोटी जीवाणू निघाले. त्यातले बहुतेक अगदी निरुपद्रवी. फवारा मात्र रोगजंतू आणि हे गरीब भाडेकरू असा भेद करत नाही. औषधाला न जुमानणारे तेवढे टिकतात आणि रिकाम्या जागी वाढतात.

अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीच्या बागांवर 1950च्या दशकापासून स्ट्रेप्टोमायसिन फवारलं गेलं. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात, फायर ब्लाइट हा रोग करणारा जीवाणू त्याला दाद देईनासा झाला. हे दोन वाटांनी घडतं. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटून तिचं काम बिघडवतं. तिथल्या एका प्रथिनात बारीकसा बदल झाला की औषधाला धरायला जागाच उरत नाही. हा बदल त्या जीवाणूच्या वंशातच राहतो. दुसरी वाट अधिक घातक. एसटीआर-ए आणि एसटीआर-बी ही जनुकांची जोडी औषधाला फॉस्फेट चिकटवून ते निकामी करते, आणि ही जोडी प्लाझमिडवर, म्हणजे जीवाणूतल्या डीएनएच्या एका सुट्या कड्यावर, बसून एका जातीच्या जीवाणूतून दुसऱ्या जातीत जाते. बागेतल्या जीवाणूंत सापडलेली हीच जनुकं माणसांच्या आणि जनावरांच्या जीवाणूंतही आढळली आहेत.

तोडणीनंतर फळावरचे जीवाणू कुठेकुठे पोचतात, हे 1999 च्या एका साथीने दाखवलं. ब्राझीलचे आंबे फळमाशी मारण्यासाठी गरम पाण्यात बुडवून मग थंड पाण्यात टाकले जात. गरम फळ थंड होताना आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी देठाच्या बाजूने आत ओढलं जातं. त्या पाण्यातून साल्मोनेला हा रोगकारक जीवाणू गरात शिरला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. अमेरिकेत 78 जण आजारी पडले, दोघे दगावले. गरात गेलेला जीवाणू कितीही धुतलं तरी निघत नाही. पॅकहाऊसच्या टाकीतलं पाणी किती स्वच्छ आहे, हे मला फळाच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते यामुळेच.

घरी करण्याजोगं थोडंच आहे: खायच्या आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं. साबण नको. डाळिंबाची साल आपण खात नाही, पण सुरी सालीवरूनच दाण्यांपर्यंत जाते, म्हणून तेही कापण्याआधी धुवावं.

केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतलं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. स्ट्रेप्टो नसेल तर बागायतदाराच्या हाती रोगट फांद्यांची छाटणी, पावसाळ्यातला मृग बहार टाळणं आणि बोर्डो मिश्रण उरतं. पण बोर्डोतही मोरचूद, म्हणजे तांबंच असतं. आणि वनस्पतींवर रोग करणाऱ्या स्यूडोमोनासच्या काही वाणांत तांबं पचवण्याची आणि स्ट्रेप्टोमायसिन पचवण्याची जनुकं एकाच प्लाझमिडवर सापडली आहेत. अशा ठिकाणी नुसतं तांबं फवारलं, तरी स्ट्रेप्टोला न जुमानणारे जीवाणू आपोआप जगवले जातात.