फाइलझिलापासून बोटो-३पर्यंत: डिप्लॉयमेंट कोडमध्ये कसं आलं

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात गेलात तर जेकार्ड मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरताना दिसेल. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. कुठला उभा धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे त्या पट्टीवरची भोकं ठरवतात, आणि अशा फेऱ्या साठत साठत चादरीवर मोर उमटतो. जोसेफ मारी जकार यांची ही युक्ती १८०४ सालची. तिचं खरं मोल कारखानदाराला ठाऊक असतं. नक्षी काढणारा मास्तर काम सोडून गेला तरी माळ खुंटीला टांगलेली असते. पाच वर्षांनी कुणी तीच चादर मागितली तर माळ चढवायची, मोर तोच येतो.

सर्व्हरच्या कामात ही सोय आपल्याला फार उशिरा मिळाली, आणि सोलापूरसारख्या गावाला तिची गरज जास्त. इथं शिकलेली पोरं हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जातात, तिथून पुढं हैदराबाद, बेंगळुरू. एखाद्या कारखान्याची, दवाखान्याची, पतसंस्थेची साइट ज्यानं बनवली तो गेला की ती सर्व्हरवर चढवायची कशी हेही त्याच्याबरोबर जातं. मागं पासवर्ड राहतो, पायऱ्या राहत नाहीत. आज पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या वीसेक ओळींत मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये मशीन उभं राहतं आणि त्यावर अ‍ॅप्लिकेशन चालू होतं. त्या वीस ओळी कुठून आल्या, ते नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

फायली एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मधला. लिहिणारे अभय भूषण, आयआयटी कानपूरमधून शिकून तेव्हा एमआयटीत गेलेले. पुढं वेब आलं तरी छोट्या गावातल्या आम्हा लोकांचं डिप्लॉयमेंट, म्हणजे साइट सर्व्हरवर चढवणं, एफटीपीनंच व्हायचं. फाइलझिला हे त्याचं साधन उघडायचं, डावीकडं आपला कॉम्प्युटर, उजवीकडं सर्व्हर, फोल्डर निवडून ओढायचं. पासवर्ड तारेतून उघडा जायचा. या उघड्या पासवर्डांचा त्रास फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाला झाला, नेटवर्कवर कुणीतरी ते टिपले, आणि त्यातून तिथल्या टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, दूरच्या मशीनशी गुप्तपणे बोलायचं साधन. पुढच्याच वर्षी आरसिंक आलं. ते फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायचं. हे दोन्ही नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तरी मूळ दुखणं कायम होतं. २०१० च्या उन्हाळ्यात जोडभावी पेठेतल्या एका खोलीत बसून मी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याची साइट चढवत होतो. लोडशेडिंगचे दिवस. चारशेतल्या दीडशे-दोनशे फायली गेल्या आणि लाइट गेली. सर्व्हरवर आता निम्म्या फायली नव्या, निम्म्या जुन्या. लॉगिनचं नवं पान जे फंक्शन मागत होतं, त्याची फाइल अजून माझ्याच मशीनमध्ये होती. दहा मिनिटांत मालकांचा फोन: "साहेब, साइट उघडंना झालीय. परदेशातलं गिऱ्हाईक नमुने बघायला बसलंय." लाइट यायला दोन तास लागले. ते गिऱ्हाईक पुन्हा बसलं की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

या अर्ध्या-अर्ध्या अवस्थेवरचा उपाय तेव्हा अमेरिकेत तयार होता, माझ्यापर्यंत पोचला नव्हता इतकंच. थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीत बेसकॅम्प या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या जेमिस बक यांनी २००५ मध्ये रुबी भाषेत एक साधन लिहिलं. आधी त्याचं नाव स्विचटॉवर होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळं २००६ मध्ये ते कॅपिस्ट्रानो झालं. त्यातली युक्ती इतकी साधी आहे की आजही मी नवशिक्यांना पहिल्यांदा तीच दाखवतो. सर्व्हरवर 'रिलीजेस' नावाचं फोल्डर करायचं. प्रत्येक वेळी त्यात तारीख-वेळेच्या नावाचं नवं फोल्डर बनवून सगळ्या फायली तिथं उतरवायच्या. जुन्याला हात लावायचा नाही. वेब सर्व्हर बघत असतो तो 'करंट' नावाच्या एका सिम्लिंककडं, म्हणजे बोट दाखवणाऱ्या खुणेकडं. शेवटची फाइल पोचली, तपासण्या झाल्या, की ती खूण नव्या फोल्डरकडं वळवायची. वळवायला क्षणभर पुरतो. काही बिघडलं तर खूण परत जुन्याकडं. मधेच लाइट गेली तर नवं फोल्डर अर्धवट पडून राहील, गिऱ्हाइकाला जुनी साइट धडधाकट दिसत राहील. पायथनवाल्यांना थोड्याच वर्षांत फॅब्रिक मिळालं. पॅरामिको या एसएसएचच्या लायब्ररीवर, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल अशा दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडवर, ते उभं होतं आणि सर्व्हरवर हातानं द्यायच्या आज्ञा साध्या पायथन फंक्शनमध्ये लिहिता येत होत्या.

पण मशीनच नसेल तर? ते अजून विकत किंवा भाड्यानंच घ्यावं लागायचं, फोन करून, फॉर्म भरून, दिवस मोजून. अ‍ॅमेझॉननं मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवणुकीची सेवा आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू ही मशीनं भाड्यानं देणारी सेवा चालू केली, तेव्हा हे बदललं. सुरुवातीला ईसी-टूमध्ये एकाच मापाचं मशीन मिळायचं, तासाला दहा सेंट. लोक एक गोष्ट विसरतात: बटणं दाबून मशीन चालू करायचं अ‍ॅमेझॉनचं वेब कन्सोल जानेवारी २००९ मध्ये आलं. त्याआधीची दोन-अडीच वर्षं मुख्य रस्ता एपीआयचाच होता, म्हणजे प्रोग्रामनं आज्ञा द्यायच्या दाराचा. क्लाउड, म्हणजे ही भाड्याची मशीनं, मुळात प्रोग्रामशी बोलण्यासाठी बनलं, माणसासाठीचा पडदा त्यावर नंतर चढला. म्हणून कोडनं डिप्लॉय करणं ही कुणा हुशार लोकांची हौस आहे असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. दार आधीपासून तिथंच होतं.

त्या दाराची पायथनमधली किल्ली म्हणजे बोटो. मिच गार्नाट यांनी २००६ मध्येच ती लिहायला घेतली. अ‍ॅमेझॉन नदीत सापडणाऱ्या डॉल्फिनला तिकडं बोटो म्हणतात, त्यावरून नाव. लायब्ररी नेमकं काय करते ते एकदा जवळून बघावं. तुम्ही लिहिता एक ओळ: अमुक मापाचं एक मशीन दे. लायब्ररी त्याची एचटीटीपीएस विनंती बनवते, तुमच्या गुप्त किल्लीनं तिच्यावर सही करते, किल्ली स्वतः कधी पाठवत नाही, आणि विनंती धाडते. उत्तरात मशीनचा क्रमांक येतो आणि अवस्था येते 'पेंडिंग'. मशीन अजून उभं नाही. आता थांबायचं किती? आजच्या बोटो-३मध्ये यासाठी 'वेटर' आहे. ते दर पंधरा सेकंदांनी विचारतं, झालं का, आणि चाळीस वेळा विचारून नाही झालं तर चूक कळवतं. हातानं काम करताना चहा पिऊन येऊन जे आपण बघायचो, ते इथं आकड्यांत बांधलंय.

जुन्या बोटोत प्रत्येक सेवेच्या प्रत्येक आज्ञेसाठी कुणीतरी हातानं फंक्शन लिहायचं. अ‍ॅमेझॉनच्या सेवा वाढत गेल्या तसे ते हात अपुरे पडले. जून २०१५ मध्ये पक्क्या रूपात आलेल्या बोटो-३च्या पोटात बोटोकोअर आहे. त्यात सेवांची वर्णनं जेसन या साच्यातल्या साध्या मजकुराच्या फायलींमध्ये असतात आणि फंक्शनं त्या वर्णनांवरून तयार होतात. नवी सेवा आली की वर्णनाची नवी फाइल. माळ बदलली की नक्षी बदलते, तसंच. एकाच कंपनीला बांधून घ्यायचं नाही म्हणून पायथनमध्ये लिबक्लाउड, रुबीमध्ये फॉग, जावामध्ये जेक्लाउड्स अशा लायब्ररीही त्याच काळात, २००९ च्या आसपास, उभ्या राहिल्या.

इथं खरी अडचण सुरू झाली. जेकार्डच्या पट्टीला धागा तुटल्याचं कळत नाही, विणकराला नजर ठेवावी लागते. स्क्रिप्टचंही तसंच. 'मशीन दे' ही ओळ दोनदा चालवली तर दोन मशीनं उभी राहतात आणि बिलही दोघांचं येतं. मधेच नेट गेलं, उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा चालवलं, तरी तेच. किती वेळा चालवलं तरी निकाल एकच यावा, या गुणाला इंजिनिअर आयडेम्पोटंट म्हणतात, आणि साध्या स्क्रिप्टमध्ये तो आपोआप येत नाही.

याचा विचार क्लाउडच्या कितीतरी आधी झाला होता. ओस्लोतले भौतिकशास्त्रज्ञ मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं. त्यांचं म्हणणं: पायऱ्या सांगू नका, शेवटी काय हवं ते सांगा. मशीन कुठल्याही अवस्थेत असो, साधनानं ते बघावं आणि ठरलेल्या अवस्थेकडं आणावं. पपेट २००५ मध्ये त्याच वाटेनं गेलं, शेफ २००९ मध्ये, अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये. पूर्ण क्लाउडसाठी ही कल्पना अ‍ॅमेझॉननं फेब्रुवारी २०११ मध्ये क्लाउडफॉर्मेशन म्हणून आणली आणि हॅशीकॉर्प कंपनीनं जुलै २०१४ मध्ये टेराफॉर्म म्हणून.

हातानं चढवण्याची किंमत किती असू शकते हे जगानं १ ऑगस्ट २०१२ ला बघितलं. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीला आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता. सात सर्व्हरवर पडला, आठव्यावर राहून गेला, आणि दुसऱ्या माणसानं तपासावं असा लेखी नियम कंपनीत नव्हता. आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता. नव्या कामासाठी जी खूण वापरायची ठरली होती, त्याच खुणेनं तो जागा झाला. बाजार उघडल्यावर पाऊण तासात चुकीच्या सौद्यांचा डोंगर झाला आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. जोडभावी पेठेतल्या माझ्या दोन तासांची जात तीच होती. काही ठिकाणी नवं, काही ठिकाणी जुनं, आणि कुणाला पत्ता नाही.

२०१३ मध्ये डॉकर आलं, २०१४ मध्ये कुबेरनेटीस. अ‍ॅप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत बांधून पाठवायची रीत पडली. तो स्वतंत्र विषय आहे.

आपल्या भागासाठी त्याहून जवळची घटना म्हणजे क्लाउड भारतात आलं. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटरं चालू केली, अ‍ॅमेझॉननं जून २०१६ मध्ये मुंबईत. त्याआधी आमच्यासाठी सर्वांत जवळचं मशीन सिंगापूरला असायचं. मुंबई सुरू झाल्यावर मला वाटलं, स्क्रिप्टमधलं सिंगापूरचं नाव खोडून 'एपी-साउथ-१' हे मुंबईचं नाव लिहायचं, झालं. झालं नाही. मशीनच्या मूळ प्रतिमेचा क्रमांक प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तो माझ्या कोडमध्ये जसाच्या तसा लिहिलेला. लॉगिनच्या किल्लीची जोडीही त्या त्या ठिकाणापुरती. आणि एस-थ्रीवर फायली जाईचनात, कारण मुंबई सहीची चौथी आवृत्तीच मान्य करत होती आणि माझी जुनी बोटो एस-थ्रीसाठी आधीच्या पद्धतीची सही करत होती. त्या आठवड्यात मी बोटो-३वर आलो. कोडमध्ये गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट एक दिवस समोर येते, हे मी तेव्हा शिकलो, आणि क्रमांक लिहायच्या ऐवजी तो शोधून काढणारी ओळ लिहायला लागलो.

अवस्था सांगायच्या रीतीलाही मर्यादा होती. क्लाउडफॉर्मेशनच्या जेसन आणि यामल फायली शेकडो ओळींच्या व्हायच्या. सारखी दहा मशीनं हवी असतील तर तोच मजकूर दहादा. स्वतःचं फंक्शन लिहायची सोय नाही, मनासारखा लूप नाही. म्हणून लोक पुन्हा लायब्ररीकडं वळले, या वेळी दोन्ही गोष्टी जोडून. पुलुमी जून २०१८ मध्ये आलं, अ‍ॅमेझॉनचं सीडीके जुलै २०१९ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणि पायथनसाठी पक्कं झालं. सीडीकेत तुम्ही नेहमीच्या भाषेत क्लास आणि लूप लिहिता, लायब्ररी त्यातून क्लाउडफॉर्मेशनचा मसुदा तयार करते, आणि अवस्था जुळवायचं काम तिकडं होतं. नक्षी काढायला मोकळा हात, आणि विणताना धाग्यावर नजर. माझ्या मते डिप्लॉयमेंटच्या इतिहासातलं हे सर्वांत समजूतदार वळण आहे. टेराफॉर्मचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं, तरी दोन्हीच्या मुळाशी तीच कल्पना आहे, आणि अ‍ॅमेझॉनशी बोलताना दोघांच्या पोटात गो भाषेतली अ‍ॅमेझॉनचीच लायब्ररी काम करते.

गेल्या वर्षी आमच्याकडचा एक मुलगा पुण्याला गेला. जाताना त्यानं हातात दिली ती एक गिट रिपॉझिटरी, म्हणजे सगळा कोड त्याच्या इतिहासासकट. इथल्याच कॉलेजातून नुकतीच पास झालेली मुलगी त्याच्या जागी आली. पहिल्या दिवशी तिला एकच काम दिलं: टेराफॉर्म प्लॅन चालव आणि काय दिसतं ते मोठ्यानं वाच. तिनं वाचलं. कोड आणि खरं क्लाउड यांत एक फरक होता. फायरवॉलमध्ये एक पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, सगळ्या जगासाठी उघडा होता आणि कोडमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता. कधीतरी कुणीतरी कन्सोलमध्ये जाऊन हातानं उघडलेला. "सर, हा बंद करू का?" तिनं विचारलं. तो कशाला लागत असेल का हे आम्ही दोघांनी बसून तपासलं. कशालाच लागत नव्हता. तिनं टेराफॉर्म अप्लाय चालवून 'यस' टाइप केलं, आणि पोर्ट बंद झाला.