पुटकाच्या आधारपटलातील कोलॅजेन

अंडाशयात प्रत्येक स्त्रीबीज पेशींच्या एका आवरणात वाढते. स्त्रीबीज आणि त्याभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी मिळून पुटक किंवा फॉलिकल तयार होते. ग्रॅन्युलोसा पेशींच्या बाहेरच्या अंगाला, त्यांना चिकटून, पेशी नसलेले एक अतिशय पातळ वेष्टन असते. हेच पुटकाचे आधारपटल. पुटक वाढू लागले की त्याच्या बाहेर थीका पेशींचा थर आणि रक्तवाहिन्यांचे जाळे येते. आतल्या भागात मात्र बीजोत्सर्गापर्यंत, म्हणजे पुटक फुटून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंत, एकही रक्तवाहिनी शिरत नाही.

या पटलाचा सांगाडा चौथ्या प्रकारच्या कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. कातडीत किंवा स्नायुबंधांत सापडणारे कोलॅजेन दोरखंडासारखे असते. चौथ्या प्रकाराचे मात्र जाळे विणले जाते. तीन साखळ्यांचा पीळ असलेले त्याचे रेणू एका टोकाला दोन-दोन आणि दुसऱ्या टोकाला चार-चार असे जोडले जातात. पिळाची सलगता मधूनमधून तुटत असल्याने रेणू लवचिक राहतो. लॅमिनिन या दुसऱ्या प्रथिनाचे वेगळे जाळे असते. ही दोन्ही जाळी एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम निडोजेन व पर्लेकन हे रेणू करतात.

माणसाचे आदिम, म्हणजे वाढ सुरू न झालेले, पुटक जेमतेम ०.०४ मिलिमीटरचे, तर फुटण्याच्या बेतात असलेले सुमारे २० मिलिमीटरचे असते. वंध्यत्वाच्या उपचारात ‘फॉलिक्युलर स्टडी’ करताना सोनोग्राफीत मोजतात ते हेच पक्व पुटक. व्यास ५०० पट वाढला म्हणजे पृष्ठभाग अडीच लाख पट वाढला. नुसत्या ताणाने हे साधणार नाही. जुने जाळे सैल करून त्यात नवे कोलॅजेन सतत गुंफावे लागते, आणि तेही पटलाला कुठे भोक न पाडता. ग्रॅन्युलोसा पेशी स्वतः हे कोलॅजेन बनवू शकतात.

वाढताना घटकही बदलतात. चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या साखळ्यांचे अल्फा १ ते अल्फा ६ असे सहा प्रकार आहेत. गायीच्या आदिम पुटकांत या सहाही आढळतात. द्रवाने भरलेल्या मोठ्या पुटकांत मुख्यतः अल्फा १ आणि अल्फा २ उरतात. मूत्रपिंडात नेमके उलटे घडते. तिथे गाळणीची वाढ होताना अल्फा १-२ चे जाळे मागे पडून अल्फा ३-४-५ चे अधिक घट्ट बांधलेले जाळे येते. ते बिघडले की अल्पोर्ट हा मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार होतो. मूत्रपिंडाच्या गाळणीला जन्मभर दाब सोसायचा असतो, पुटकाला थोडक्या काळात फुगायचे असते. तेव्हा हा फरक अर्थपूर्ण वाटतो. मात्र गायीवरचा निष्कर्ष सगळ्या सस्तन प्राण्यांना सरसकट लावू नये.

पटल चाळणीचेही काम करते. थीका पेशींत तयार झालेले अँड्रोजेन सहज आत जाते आणि ग्रॅन्युलोसा पेशी त्याचे इस्ट्रोजेन करतात. एलडीएलसारखे मोठे मेदकण मात्र बाहेरच अडतात. म्हणून पुटकातल्या द्रवात प्रामुख्याने आकाराने लहान असलेले एचडीएल सापडते. आतले मोठे रेणूही बाहेर निसटत नाहीत. तेच पाणी आत ओढतात आणि पोकळी भरते.

आधारपटलाचे घटक केवळ कडेलाच असतात असे नाही. १८७५ मध्ये एमा कॉल आणि सिगमंड एक्स्नर यांनी ग्रॅन्युलोसा पेशींच्या मधोमध दिसणाऱ्या गोल रचनांचे वर्णन केले. त्या काळी वैद्यक शिकलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी कॉल एक होत्या. या रचनांत आधारपटलासारखे द्रव्य असते. गायीच्या मोठ्या पुटकांतही पेशींच्या मध्ये अशा द्रव्याचे तुकडे दिसतात. त्यांना ‘फोसिमॅट्रिक्स’ असे नाव मिळाले आहे.

एलएच संप्रेरकाची लाट आली की विकरे हे पटल मोडतात. पुटक फुटते, रक्तवाहिन्या आत घुसतात आणि त्याच्याच जागी पीतपिंड (कॉर्पस ल्युटियम) तयार होते. आता एलडीएलमधले कोलेस्टेरॉल थेट मिळू लागल्याने प्रोजेस्टेरॉनचे उत्पादन झपाट्याने वाढते. चौथ्या प्रकारचे कोलॅजेन पीतपिंडातही सापडते, पण आता ते या नव्या रक्तवाहिन्यांभोवती असते.