पार्किन्सनचं औषध कंपन्यांनी दाबून ठेवलंय म्हणे!

परभणी-लातूरकडच्या ग्रुपांवर कितीतरी वर्षांपासून एक मेसेज फिरायलाय, की कंपवातावर म्हंजे पार्किन्सनवर पक्का इलाज कवाच सापडलाय पण गोळ्यांचा धंदा बुडंल म्हणून कंपन्या तो बाहेर येऊ देईनात. आमच्या एका मामानं हे वाचून मनानंच गोळी सोडली, थोड्याच दिवसात शर्टाचं बटण लागंना.

आता बघा, मेन गोळी लेव्होडोपा, ती १९६० च्या दशकातली, पेटंट वगैरे काही राहिलं नाही, आपल्याकडं कितीतरी कंपन्या बनवतात. ती लक्षणं कमी करते, आजार थांबवत नाही. उलट २०१८ ला फायझर या मोठ्या औषध कंपनीनं पार्किन्सन-अल्झायमरच्या नव्या औषधाचा शोधच बंद केला, इलाज कपाटात असता तर दुकान कशाला आवरलं असतं?

आणि पैसा फक्त कंपन्याच लावतात हे बी खरं नाही. ॲक्टर मायकल जे. फॉक्सला स्वतःला हा आजार, त्यानं २००० साली फाउंडेशन काढलं, ते रिसर्चला पैसा देतं. ब्रिटनमधी एक्सेनाटाइड नावाचं डायबिटीसचं जुनं इंजेक्शन १९४ पेशंटवर ९६ आठवडे तपासलं, त्यात सरकारचा अन् धर्मादाय संस्थांचा पैसा होता. २०२५ ला निकाल आला, फायदा शून्य, आणि तो लपवला नाही, लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकामधी सरळ छापला.

खाजकुयलीच्या बियात लेव्होडोपा असतो हे मात्र खरंय, पण किती ते बियागणिक बदलतं, म्हणून डॉक्टरला न विचारता गोळीसोबत पावडर चालू करू नका.