हॉर्न वाजत नाही: करंट गेलाय की अर्थ?

जुन्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम खोलून, रंगवून परत बसवला की हॉर्न मुका होतो आणि गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, ‘करंट येत नाही.’ लगेच नवी वायर ओढायची तयारी. कॉलमला हात लावण्याआधी हॉर्न वाजत होता ना? मग करंट बहुधा जागेवरच असतो, गेलेला असतो तो अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाणारी वाट. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची उतरली; आता ज्या उरल्या आहेत त्या हौसेने जपलेल्या. त्यांचं वायरिंग असं कापलेलं बघवत नाही.

करंटची बाजू सगळ्यांना पाठ आहे. फ्यूज बघा, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) बघा, हॉर्न काढून थेट बॅटरीवर वाजवून बघा. झालं. हॉर्नच्या मागचा स्क्रू मात्र फिरवू नका. बिघाड तिथे नाही आणि चांगलं सेटिंग फुकट जातं.

गोंधळ होतो तो बटणापाशी. घरातल्या दिव्याचं बटण करंट जोडतं-तोडतं, म्हणून हॉर्नचं बटणही तेच करतं असं लोक धरून चालतात. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत तसं नसतं. करंट फ्यूजमधून आधीच हॉर्नपर्यंत किंवा रिलेच्या कॉइलपर्यंत पोचलेला असतो. तिथून निघालेली वायर कॉलममधून वर बटणाकडे येते आणि बटण दाबलं की तिला अर्थ मिळतो. म्हणून बटणाच्या वायरवर मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि तरीही हॉर्न गप्प असतो. ते १२ व्होल्ट बघून ‘बटण खराब’ म्हणत नवं बटण आणणारे मी खूप पाहिलेत.

बटणाला अर्थ कुठून मिळतो? अनेक गाड्यांत खुद्द स्टिअरिंगच्या शाफ्टमधून: शाफ्ट, खाली स्टिअरिंग बॉक्स, तिथून चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. आता आपण काय केलेलं असतं ते आठवा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नेऊन ब्रॅकेटला आणि नळीला पावडर कोटिंग केलं, बोल्टच्या भोकांसकट. झिजलेल्या बुशच्या जागी नायलॉनचे बुश घातले. कपलिंगला नवं रबर बसवलं. रंग, नायलॉन, रबर, तिघांतूनही वीज जात नाही. कॉलम शोरूममधून आल्यासारखा दिसतो आणि चॅसीपासून तुटलेला असतो.

तपासणी सोपी आहे. आधी वायरिंग डायग्राम बघून बटण अर्थच जोडतं याची खात्री करा. मग कॉलमच्या खालच्या कनेक्टरमधून बटणाची वायर सोडवा आणि फ्यूज लावलेल्या तुकड्याने चॅसीच्या खरवडलेल्या पत्र्याला टेकवा. हॉर्न वाजला तर करंट, रिले, हॉर्न सगळं ठीक, दोष कॉलममध्ये. नाही वाजला तर खुशाल करंटच्या मागे लागा.

कॉलममधला अर्थ टेस्ट लॅम्पने तपासून समाधान मानू नका. छोटा बल्ब गंजलेल्या जोडातूनही पेटतो, पण रिले नसलेल्या गाडीत हॉर्नला काही अँपिअर लागतात आणि तिथे तोच जोड मान टाकतो. सोडवलेली वायर परत जोडा, बटण दाबून धरा आणि शाफ्ट व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर लावा (गाडी निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं ते टोक चॅसीला जोडलेलं असेल तर). काटा शून्याच्या जवळपास हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर अर्थ कच्चा आहे. कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या हवेत हे जोड फार लवकर गंजतात.

उपाय पॉलिश पेपरचा. ब्रॅकेट बसतो तिथला रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. रबरी कपलिंगच्या दोन्ही बाजूंना जोडणारी लवचिक तांब्याची पट्टी काढताना हरवली असेल तर दुसरी लावा. स्लिप रिंग (फिरत्या स्टिअरिंगला वीज पोचवणारी कडी) असेल तर तिच्यावरचं काळं पुसून घ्या. तिथे ग्रीस थापू नका.

डॅशबोर्डखाली वेगळं बटण लावून बॅटरीचा करंट कॉलममधून फिरवणं मला अजिबात मान्य नाही. मूळ रचनेत वायर घासून उघडी पडली तर हॉर्न एकसारखा वाजत राहतो, एवढंच. बॅटरीची थेट वायर तिथे घासली तर ती तापून वितळते, तीही गुडघ्यांच्या वर.