श्रावणातली तिसरी रात्र

गटारी झाली की आमच्या कळव्यात निम्मी पुरुषमंडळी साळसूद होतात. चिकनवाल्याकडची रांग ओसरते, वाइन शॉपवाला स्टूल टाकून पेपर वाचत बसतो आणि "आपला आता महिनाभर श्रावण" हे वाक्य रिक्षा स्टँडपासून बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत कानावर पडतं. महिन्यातून दोनदा चार मित्रांत बसणाऱ्याचा श्रावण खरंच सुखात जातो. रोज पिणाऱ्याचं तसं नसतं. हे मला समोरच्या दारातल्या काकांमुळे कळलं. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र नको म्हणाले.

काका वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. कामावर दांडी नाही, शिवीगाळ नाही, घरखर्च वेळेवर. रात्री दहाच्या आत एक क्वार्टर, शनिवारी दोन. त्यांना कुणी बेवडा म्हटलं नसतं. बेवडा म्हणजे रस्त्यात पडलेला, अशीच आपली समजूत. फक्त सकाळचा चहा ते स्टीलच्या पेल्यातून, दोन्ही हातांनी धरून प्यायचे. कपबशी वाजते म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी श्रावण धरला. पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. काकूंनी लिंबूपाणी दिलं. दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही, डोळा लागला नाही. तिसऱ्या रात्री तीन वाजता काकूंनी आमची बेल वाजवली. काका पलंगावर उकिडवे बसून धुतलेल्या चादरीवरून एकेक मुंगी चिमटीत उचलत होते आणि वाटीत टाकत होते. वाटी रिकामी होती. मला म्हणाले, "पाय जपून टाक रे."

खरं तर त्या स्टीलच्या पेल्यात अर्धं निदान होतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निपटतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर सकाळी सहा-सातला रक्तातून जवळपास गेलेली असते आणि नेमकी तेव्हाच कपबशी वाजू लागते. काका रोज सकाळी छोटासा विथड्रॉवल, म्हणजे दारू उतरल्यावर होणारा त्रास, भोगत होते आणि त्याला अशक्तपणा म्हणत होते.

अल्कोहोल मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतं आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबतं. रोज असं झालं की मेंदू तोल सावरायला उलट जोर लावतो. गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटची बाजू वाढवतो. गर्दीच्या लोकलमध्ये मागचा माणूस रेटतो म्हणून आपणही मागे रेटून उभे राहतो ना, तसं. ठाणं आलं, मागचा पटकन उतरला, की आपण कोलमडतो. दारू एकाएकी थांबली की मागचा माणूस उतरलेला असतो आणि मेंदूचा रेटा तसाच चालू असतो.

म्हणून शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतात, दिवसरात्र कळत नाही, ताप चढतो, रक्तदाब भडकतो. याला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. दारूवर अवलंबून असलेल्या शंभर जणांनी ती सोडली तर साधारण तीन ते पाच जणांना तो होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततो. ज्याला आधी कधी फिट आली आहे किंवा असे भास झालेत, त्याने घरच्या घरी दारू तोडायच्या भानगडीत पडूच नये. सकाळी हात थरथरणाऱ्यानेही आधी डॉक्टर गाठावा. गर्द किंवा सिगारेट सोडताना माणूस तळमळतो, पण ती तळमळ सहसा जिवावर उठत नाही. दारूचा विथड्रॉवल उठू शकतो. चारचौघांना हे ठाऊक नसतं, कारण आपण सोडण्याला मनोनिग्रहाची परीक्षा समजतो.

हॉस्पिटलात पहिल्या आठवड्यात जे होतं त्याला डिटॉक्स म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे: रेट्याला तात्पुरता टेकू द्यायचा आणि तो हळूहळू काढायचा. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा, यकृत खराब असेल तर, लोराझेपाम. या गोळ्या गाबावरच काम करतात. मात्रा रोज उतरवत पाच-सात दिवसांत बंद करतात, कारण त्यांचीही सवय लागते. केमिस्टकडून आणून स्वतः घ्यायच्या नाहीत त्या. सोबत बी-१ म्हणजे थायमिनची इंजेक्शनं. पिणारा जेवणावर कमी आणि चखण्यावर जास्त जगतो, शिवाय दारू आतड्यातलं थायमिनचं शोषणही रोखते. त्याची फार कमतरता झाली की नजर फिरते, चाल लडखडते, माणूस गोंधळतो. कार्ल वेर्निके या डॉक्टरने हे १८८१ मध्ये नोंदवलं. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणूनच अशा पेशंटला 'जरा ग्लुकोज चढवा' म्हणताना थायमिन आधी किंवा सोबत गेलं पाहिजे.

काकांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं तेव्हा त्यांच्या मेव्हण्याने हातच झटकले. "ठाण्याला पाठवताय का?" ठाण्यात राहणाऱ्यांनीच हा टोमणा मारावा याचं मला अजून हसू येतं. मनोरुग्णालयापायी आपल्या गावाचं नाव मराठीत शिवीसारखं वापरलं जातं आणि त्या लाजेपायी माणसं उपचारांपर्यंत पोचत नाहीत. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं.

नवव्या दिवशी काका घरी आले. भूक लागली, हात स्थिर झाले आणि मजल्यावर पेढे वाटले गेले. "सुटली!" म्हणाले सगळे. डॉक्टर मात्र पेढा खाऊन म्हणाले होते, "आता सुरू करू."

गाबा-ग्लुटामेटचा तोल आठवड्यांत बराचसा सावरतो. यकृतात नुसतीच चरबी साठली असेल तर तीही काही आठवड्यांत उतरू लागते. रक्तातलं जीजीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की वाढणारं एन्झाइम, खाली येतं आणि रिपोर्ट हातात घेऊन माणूस खूश होतो. झोप मात्र कित्येक महिने तुटक राहते. आणि मेंदूने गिरवलेल्या खुणा त्याहून चिवट. ज्या जागी, ज्या वेळी दारू मिळत आली, ती जागाच डोपामिनची, म्हणजे ओढ लावणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची, घंटा वाजवते. काका सांगतात, स्टेशनाकडच्या गल्लीत रिक्षा वळली की तोंडाला पाणी सुटायचं, बारची पाटी दिसण्याआधीच. समुपदेशकाने त्यांना कामावरून घरी यायचा नकाशा कागदावर काढायला लावला आणि ती गल्ली खोडून टाकली. तेव्हापासून ते कोर्ट नाक्यावरून कळवा पुलाकडे येतात. वाट लांबची आहे, पण हाही उपचारच.

आता औषधांबद्दल. नाल्ट्रेक्सोन हे दारूतली मजा बोथट करतं, अकॅम्प्रोसेट आतली अस्वस्थता कमी करतं. कुणाला कुठलं, हे यकृत आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतात. तिसरं डायसल्फिराम. कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे त्यावर जंतांचं औषध म्हणून काम करत होते. स्वतःवर प्रयोग केले आणि थोडी दारू घेताच त्रास सुरू झाला. १९४८ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. अल्कोहोलपासून बनणारं विषारी अॅसिटाल्डिहाइड या औषधामुळे साचतं: चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' अशी स्टिकरं दिसतात ना, त्यांची मला म्हणूनच धास्ती वाटते. आमटीत काय मिसळतोय हे बायकोला माहीत नाही, आपल्या पोटात काय आहे हे नवऱ्याला माहीत नाही, आणि संध्याकाळी तो पेग भरतो. डायसल्फिराम द्यायचं ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि हृदय तपासूनच.

पाचव्या महिन्यात खारेगावात हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा कार्यक्रम. "बरं वाटतंय" म्हणून काकांनी नाल्ट्रेक्सोन आधीच बंद केलं होतं. त्या रात्री ते प्याले. काकू रडल्या, मेव्हणा "बघा!" म्हणाला. खरं तर उपचारानंतर पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास लोक पुन्हा पितात. दमा किंवा रक्तदाबाच्या पेशंटची दुखणीही अशीच उलटतात, पण तेव्हा कुणी त्यांचं चारित्र्य काढत नाही. घसरल्यावर तो किती दिवसांत परत डॉक्टरकडे जातो, यावर पुढचं बरंच ठरतं. काका दुसऱ्या सकाळी गेले. तिथून ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगलाही जाऊ लागले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेली ही चळवळ. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. काकूंना पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट मिळाला. तिथे त्या पहिल्यांदा खिसे तपासायचं थांबल्या.

केंद्र शोधणाऱ्यांसाठी एवढंच: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. त्यामुळे केंद्राची नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा. 'घरून उचलून नेतो, सहा महिने भेटायचं नाही' असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळा सांभाळा, असं मीटिंगमध्ये सांगतात. यंदा गटारीला काकूंनी संध्याकाळी साडेसहालाच कोंबडी-वड्याचं ताट वाढलं. मलाही बोलावलं होतं. "एवढ्या लवकर कोण जेवतं," काका कुरकुरले, आणि रस्सा अळणी झालाय म्हणत त्यांनी तिसरा वडा घेतला.