कस्टम वॉटर कूलिंग : मेनफ्रेमच्या पाण्यापासून नागपूरच्या उन्हाळ्यापर्यंत

संगणकात पाणी खेळवायची कल्पना गेमर मंडळींची नव्हे. मेनफ्रेममधले, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांतले, बायपोलर ट्रान्झिस्टर इतके तापत की पंख्याचा वारा पुरत नसे. आयबीएमने १९८० साली आणलेल्या ३०८१ या यंत्रात प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या होता, भोवती हेलियम वायू आणि वर थंड पाणी वाहणारी पट्टी. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात तर सर्किटची पानेच वीज न वाहणाऱ्या फ्लुओरिनर्ट द्रवात बुडवली होती. पुढे कमी तापणाऱ्या सीमॉस चिपा आल्या आणि नव्वदीच्या दशकात मोठ्या यंत्रांतून पाणी जवळजवळ गेलेच.

ते परतले घरच्या टेबलावर. १९९८ चे सेलेरॉन ३००ए हे ३०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर ४५० पर्यंत सहज पळे, आणि ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचे, वेड पसरले. तयार सामान मिळत नव्हते. मग मत्स्यालयाचा पंप, मोटारीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर आणि चिपवर बसवायचा, घरी कोरलेला तांब्याचा ब्लॉक अशी जुळवाजुळव लोकांनी केली. आजचा लूप, म्हणजे पंप, ब्लॉक आणि रेडिएटर यांतून फिरणारे पाण्याचे चक्र, मुळात तोच आहे, फक्त सुटे भाग आता त्याच कामासाठी बनतात. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ मध्ये द्रव शीतन दिले. २००९ मध्ये कोर्सेअर एच५० सारखे बंद, भरून आलेले कूलर आले आणि नुसत्या प्रोसेसरसाठी कस्टम, म्हणजे सुटे भाग स्वतः जोडून केलेल्या, लूपची गरज उरली नाही. ग्राफिक्स कार्डही पाण्यावर घ्यायचे असेल, तर मात्र ती आजही आहे.

‘प्रत्येक तापणाऱ्या भागाला १२० मिलिमीटर रेडिएटर, वर आणखी १२०’ हा नियम अजून सांगितला जातो. पण २००४ चा प्रेसकॉट पेंटियम ४ प्रोसेसर सुमारे ११५ वॅटचा होता, आणि तेव्हा तोच भट्टी समजला जाई. आज एकटे आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटचे आहे. त्याला आय९-१४९००के प्रोसेसर जोडला, तर पूर्ण भारावर आणखी २५३. हा नियम आता सोडून द्यायला हवा.

दुसरी अडचण खास आपली. रेडिएटर उष्णता खोलीच्या हवेत टाकतो, त्यामुळे लूपमधले पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. ते खोलीहून दहा अंश वर राहील असा हिशेब साधारणपणे धरतात. खोली २२ अंशांची असेल तर पाणी ३२. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत बंद खोली ३८ वर गेली, तर पाणी ४८ वर. लूपमध्ये वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंशांची, आणि पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास नरम पडू लागतात. हाती उरतात जेमतेम बारा अंश. म्हणून माझे ठाम मत आहे, की पैसा आधी रेडिएटरच्या क्षेत्रफळात घालावा. दिवे आणि रंगीत द्रव नंतर. कडक नळ्याच हव्या असतील तर ॲक्रिलिकच्या घ्याव्यात.

आपल्याकडचा डेझर्ट कूलर इथे फार कामाचा. मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे ताट्यांवरचे पाणी उडताना खोलीतली उष्णता ओढून घेते आणि लूपला तितकीच खालची सुरुवात मिळते. दमट हवेने लूपवर दव धरेल ही भीती नको, कारण त्यातले पाणी खोलीपेक्षा गरमच असते. फक्त संगणकाचे कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. तुषारांबरोबर क्षारही उडतात. पावसाळ्यात मात्र कूलर फारसा उपयोगी पडत नाही.

बोअरचे पाणी लूपमध्ये कधीही घालू नये. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर साचतो, तोच ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत साचेल. डिस्टिल्ड वॉटर आणि गंज व शेवाळ रोखणारे मिश्रण वापरावे. आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर मुळीच नको: एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते.